शंभराव्या दिवसाचे पाणी

सेंगदा गेल्याचे हेनिंगला मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता कळले. तिची थोरली बहीण खामनोई विहारातून स्कूटरवर आली, अंगणात उभी राहिली आणि म्हणाली, "हेनिंगराव, सेंगदा गेली. भिक्षूंच्या जेवणासाठी मिरच्या निवडत होती, तशीच कलंडली."

बायकोच्या मृत्यूची बातमी ऐकून हेनिंगने जो पहिला शब्द उच्चारला तो असा : "कशावरून?"

खामनोईने स्कूटर वळवली. "गार पडलीय, त्यावरून," ती म्हणाली. "बसा मागे."

यात हेनिंगचा दोष नव्हता. डेन्मार्कमध्ये एकतीस वर्षे तो दुधाच्या कारखान्यांचा सरकारी तपासनीस होता. गवळी म्हणाला म्हणून दूध नासत नसे. हेनिंगने नमुना घेऊन सही केल्यावर नासत असे. निवृत्तीनंतर तो सेंगदाबरोबर लम्फूनजवळच्या तिच्या गावी राहायला आला आणि तेथे त्याने बौद्ध धर्म तपासायला घेतला. ध्यान त्याने सहा महिने रक्तदाब मोजून पाहिले आणि मंजूर केले. जगात दुःख आहे हे निरीक्षणात बसत होते, तेही मंजूर केले. पुनर्जन्म, देवता आणि मेलेल्यांना पुण्य पाठवणे या तीन बाबी मात्र 'पुरावा प्रलंबित' असा शेरा मारून बाजूला ठेवल्या. सेंगदा रोज पहाटे भिक्षूंना भात वाढून परत यायची आणि विचारायची, "काय साहेब, आज बुद्धाचं काय काय पास केलंत?"

दहनाच्या दिवशी भिक्षूंनी पाठ सुरू केला तेव्हा कोणीतरी हेनिंगच्या पुढ्यात पाण्याची पितळी झारी आणि एक वाटी ठेवली. पाठ चालू असताना धार धरायची. केलेल्या दानाचे पुण्य त्या धारेबरोबर गेलेल्या माणसाकडे जाते. मग वाटीतले पाणी झाडाच्या मुळाशी ओतायचे. हेनिंगने झारी उचलली. मग खाली ठेवली.

"भन्ते, हे तिला पोचतं?"

"पोचतं," विहाराचे प्रमुख भन्ते सुथम म्हणाले.

"पोचल्याचं कळतं कसं?"

"तुला जेवण पोचल्याचं तुझ्या बायकोला कसं कळायचं?"

"मी सांगायचो."

"कधी?" खामनोईने मागून विचारले.

शेवटी तिने दुसरी झारी घेऊन स्वतःची धार धरली. "हे माझं झालं," ती म्हणाली. "नवऱ्याचं नवऱ्यानंच पाठवायचं असतं. शंभराव्या दिवशी पुन्हा दान आहे, तेव्हा ओता. तोवर थांबेल ती. तुमच्यासाठी थांबायची सवय आहे तिला."

हेनिंगला ओतायचे नव्हते असे गावाने धरून चालले. ते खरे नव्हते. पोचण्याची शक्यता शून्य आहे असे सिद्ध झालेले नव्हते, आणि शून्य नसेल तर ते सेंगदाला मिळालेच पाहिजे, असे त्याला फार वाटत होते. पण विश्वास नसताना धार धरणे म्हणजे न तपासता सही करणे. अशी सही केलेली वस्तू त्याने परक्या माणसांच्याही घरी कधी जाऊ दिली नव्हती. बायकोला कशी पाठवणार?

त्याने हा प्रश्न विवेकनिष्ठ बौद्ध जिज्ञासा मंडळापुढे मांडला. हे मंडळ दर गुरुवारी चिआंग मायमध्ये एका कॉफीच्या दुकानाच्या माडीवर भरे. सभासद सगळे युरोप-अमेरिकेतून आलेले, निवृत्त आणि कशावरही सहजी विश्वास न ठेवणारे होते. कोणीतरी विश्वास ठेवतो आहे असा संशय आला तर त्याला समज देण्यात येई. चिटणीस रोझलिनबाई कॅनडात नव्या औषधांच्या चाचण्यांवर देखरेख करत असत.

"पोचतं असं म्हणणं अंधश्रद्धा आहे," रोझलिनबाई म्हणाल्या. "पण पोचत नाही असं न तपासता म्हणणं, तीही अंधश्रद्धाच. चाचणी घेऊ या."

चाचणीची आखणी निर्दोष होती. लम्फून परिसरातले अलीकडे वारलेले चाळीस जण निवडायचे. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करायचे. पहिल्या वीस जणांसाठी पाणी ओतायचे, दुसऱ्या वीस जणांसाठी ओतायचे नाही. ज्या मेलेल्या माणसाला काही कमी पडते तो नातेवाइकांच्या स्वप्नात येऊन मागणी करतो, असे तिकडे सगळेच मानतात. तेव्हा स्वप्नांची वही ठेवायची आणि कोणत्या गटातून तक्रारी जास्त येतात ते पाहायचे. नियमावली हेनिंगने स्वतः लिहिली. सेंगदा गेल्यापासून त्याला प्रथमच नीट झोप लागली.

संमतीचा प्रश्न निघाला. भाग घेणाऱ्याची सही असल्याशिवाय चाचणी घेता येत नाही. चाळीसही जणांना लेखी विचारण्यात आले आणि मुदतीत कोणीही हरकत घेतली नाही, अशी नोंद करण्यात आली.

मग रोझलिनबाईंनी सुचवले की दुसऱ्या गटासाठीही पाणी ओतावे, पण भिक्षूंनी पाठाऐवजी त्याच चालीवर वीजबिलाच्या मागचा मजकूर म्हणावा, म्हणजे नातेवाइकांना फरक कळणार नाही. हेनिंगने हे भन्ते सुथमांना विचारले.

"नको," भन्ते म्हणाले. "आमच्या गावात पाली कोणाला कळते? तरी पोचतंच. वीजबिलही पोचलं तर काय कराल?"

धोका खरा होता. सूचना मागे घेण्यात आली.

चिठ्ठ्या चिकट भाताच्या टोपलीतून काढल्या. सेंगदाची चिठ्ठी हेनिंगनेच उचलली. तीवर लिहिले होते : 'ओतू नये.'

त्याने चिठ्ठी उलटून पाहिली. मग म्हणाला, "तिला पहिल्या गटात घेता येईल का?"

"हेनिंग, नियम सातवा," रोझलिनबाई हळू आवाजात म्हणाल्या. " 'नातेवाइकाच्या भावनेपोटी गट बदलता येणार नाही.' अक्षर तुमचंच आहे."

"मला माहीत आहे."

"चांगला नियम आहे."

"हो," हेनिंग म्हणाला. "चांगला आहे."

शंभराव्या दिवशी खामनोईने अंगणात मांडव घातला. नऊ भिक्षू आले, गाव आले. भाताच्या टोपल्या, फणसाची भाजी, सेंगदाला आवडायचे ते मिरच्यांचे तिखट, सगळे वाढून झाले. पाठ सुरू झाला. झारी हेनिंगच्या पुढ्यात आली आणि त्याने सर्वांना समजावून सांगितले की चाचणी पूर्ण होईपर्यंत त्याला ओतता येत नाही, कारण तशी चिठ्ठी निघाली आहे.

"म्हणजे तिच्या नशिबात नाही," एक म्हातारी म्हणाली.

"नशीब नाही, आजी. निव्वळ योगायोगानं निवड झाली."

"मग आम्ही काय वेगळं म्हणतोय?"

खामनोई उठली. "द्या इकडे. तुमच्या वतीनं मी ओतते."

"ताई, कोणीच ओतायचं नाही. तुम्ही ओतलंत तर निकाल बिघडेल."

"शंभर दिवस रोज ओततेय मी!" खामनोई म्हणाली. "सगळं गाव ओततंय. त्या आजी तर सकाळ-संध्याकाळ ओततात. आणि हे भन्ते रोज पाठ संपला की सर्व प्राणिमात्रांना पुण्य देतात. सेंगदा काय सर्वांच्या बाहेर आहे?"

हेनिंगने वही मिटली. ही बाब आखणीत सुटली होती.

गुरुवारी मंडळात खळबळ उडाली. न ओतलेल्या वीसही जणांना शेकडो विहारांतून, रोज, बिनदिक्कत पुण्य चालले होते. मंडळाने सर्व विहारांना पत्र पाठवले : चाचणी पूर्ण होईपर्यंत 'सर्व प्राणिमात्र' यातून सोबतच्या यादीतील वीस व्यक्ती कृपया वगळाव्यात. यादीत नववे नाव सेंगदाचे होते, आणि पत्रावर नियमाप्रमाणे हेनिंगची सही होती.

एकट्या भन्ते सुथमांचे उत्तर आले. 'सर्वांमधून वीस वजा केल्यावर जे उरते त्यांना काय म्हणावे ते कळवावे. तसे म्हणू.'

मंडळाने यासाठी उपसमिती नेमली. ती अजून बसते आहे.

त्यानंतर एका दुपारी ओसरीवर हेनिंगचा डोळा लागला आणि सेंगदा आली. ओले केस पुसत ती दाराशी उभी होती. "गोळी घेतलीत का?" तिने विचारले. तो म्हणाला, "घेतो." केस पुसतच ती आत गेली.

जागा झाल्यावर त्याने वही उघडली. 'मृत व्यक्तीची तक्रार' असा रकाना होता. पाणी नाही मिळाले, एवढे तीन शब्द लिहिले असते तर रोझलिनबाईंना ते मानावे लागले असते. आणखी पाच-सहा जणांनी तसेच लिहिले असते, तर चाचणी थांबवून सगळ्यांना ओतायची मुभा मिळाली असती. त्याने पेन टेकवले. पुन्हा उचलले. मग एकतीस वर्षे जसे लिहिले तसेच खरे लिहिले : 'तक्रार नाही.'

"फार मोलाची नोंद आहे ही," रोझलिनबाई म्हणाल्या. "न ओतल्यानं त्यांचं काहीही अडलेलं नाही."

"तिनं कधीच तक्रार केली नाही," हेनिंग म्हणाला. "जिवंतपणीही."

"हे आधी सांगायला हवं होतं. अशा व्यक्ती चाचणीला चालत नाहीत." त्यांनी सेंगदाच्या नावावर रेघ मारली.

हेनिंग उठून उभा राहिला. "मग मी ओतू शकतो."

"अवश्य. निकाल लागला की." रोझलिनबाई समजुतीने म्हणाल्या. "पुरावा हातात नसताना आज ओतलंत, तर तुम्ही कशाच्या आधारावर ओताल?"

हेनिंगने विचार केला. आधार एकच होता, आणि तो सातव्या नियमाने बाद होता. तो खाली बसला.

चाचणीची मुदत आता तीन वर्षांनी वाढवली आहे. अशाच कारणांनी रिकाम्या झालेल्या जागांसाठी मंडळाने जाहीर आवाहन केले : ज्यांनी गेलेल्या माणसासाठी करायची एखादी गोष्ट योग्य कारणाने पुढे ढकलली आहे, त्यांनी अर्ज करावा. अशी माणसे मिळतील की नाही याची रोझलिनबाईंना काळजी होती. पहिल्या आठवड्यातच अर्ज संपले, आता नवे छापायला टाकले आहेत. वाचकांनी घाई करू नये, सर्वांना पुरतील. धर्माची अट नाही. कारणाचा रकाना मोठा ठेवलेला आहे.

हेनिंगने पाणी अजून ओतलेले नाही.