बेंबीवाल्या संत्र्याची सोयरीक

इनासकाका बाजारात दिसले की फळवाल्या बायका संत्र्यांच्या टोपलीवर पदर पसरायच्या. कारण हा माणूस संत्रं उलटं करून आधी त्याची बेंबी शोधायचा आणि भर बाजारात गरजायचा, "हेका बेंबी खंय आसा गो?" बेंबी नसली की संत्रं पुन्हा टोपलीत. आणि ती कधीच नसायची.

इनासकाका आमचे शेजारी. उभा जन्म बोटीवर आचारी होते. कुठल्याशा परदेशी बंदरात त्यांनी बुडाशी बेंबीसारखी खळी असलेलं, नावाला बी नसलेलं संत्रं खाल्लं होतं. गावी आल्यावर कित्येक वर्षं नुसतं त्याचं कौतुक चाललं. यंदा मात्र त्यांनी मनावर घेतलं. परसात त्याचं कलम लावायचंच! रोजीनकाकी गणपतीपासून म्हापशाला बहिणीकडे होत्या. काका मधूनमधून "तियात्र बघूक" म्हणून, म्हणजे कोकणी नाटकं पाहायला, तिकडे जाऊन यायचे, एरवी घरात एकटेच. म्हटलं, बरं झालं, जीव रमेल.

"लावा की एखादं," मी म्हटलं.

"एखादा?" काका दचकले. "झाड म्हणजे जावय गो चेडवा. एकदा घरात इलो की परत धाडूक येना नाय."

मग माझ्या स्कूटरवरून आमच्या दोडामार्गाच्या वाऱ्या सुरू झाल्या. तिथल्या रोपवाटिकेत बेंबीवाल्या संत्र्यांची तीन जातींची कलमं होती. पहिली लवकर पिकणारी. काकांनी तिला नाकारलं, "हेका भारी घाई." दुसरी उशिरा पिकणारी. "ही आळशी." तिसरीचा गर आतून गुलाबी. "पोटात लाल कित्याक? आमच्याकडे कलिंगडा नाय?"

रोपवाटिकेचा मालक प्रामाणिक होता. आपल्या उष्ण हवेत फळ पिकलं तरी साल हिरवीच राहील, असं त्याने आधीच सांगितलं.

"रवांदे हिरवी," काका म्हणाले. "घशाक झोंबता काय, ता सांग."

"काका, आपण कोकमाच्या कढीवर वाढलेली माणसां. संत्रा काय झोंबतला?"

असं म्हणून मी हसले. काका हसले नाहीत. "झोंबता काय?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"गुलाबी त्यातल्या त्यात कमी आंबट," मालक म्हणाला. काकांनी मान हलवली आणि आम्ही रिकाम्या हाताने परतलो. त्या दिवशी मी वैतागून मनात त्यांना हात जोडले.

पंधरवड्याने सकाळीच त्यांच्या दारात गाडी थांबली. काकांपाठोपाठ रोजीनकाकी उतरल्या. निम्म्या झालेल्या, गळ्याभोवती मऊ ओढणी. मी धावले. काकांनी मला अंगणातच अडवलं.

"घशात कॅन्सरची गाठ होती तिच्या. रेडिएशनचे शेक दिले. कोणाक सांगूक नाय, तिनाच शपथ घातलेली. लोक बघूक येतले, रडतले, ता तिका नको होता." एवढं बोलून त्यांनी खांब धरला आणि मोठा श्वास सोडला. "काल डॉक्टरान सांगल्यान, सगळा साफ आसा."

म्हणजे तियात्र वगैरे काही नव्हतं. माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. "रडतलंस तर घराक जा," काका म्हणाले आणि काकींना हात धरून पडवीत घेऊन गेले.

पडवीत बसून त्यांनी पिशवीतून गोव्याहून आणलेलं गुलाबी संत्रं काढलं. एका फोडीचा पापुद्रा सोलला, शिरा काढल्या, आणि नुसता गर काकींच्या ओठांशी धरला. काकींनी डोळे मिटून घेतले. गिळला. आम्ही दोघं श्वास रोखून.

"झोंबना नाय," काकी म्हणाल्या.

"आणि चव?"

"चव खंयची? शेक दिल्यापासून सगळा मातीच लागता. पण थंड लागला. बरा वाटला."

काका उठले. मला म्हणाले, "स्कूटर काढ. गुलाबीच हाडूया." मग काकींकडे वळून, अगदी सहज, "फळ धरूक दोन-तीन वर्सां लागतली त्या झाडाक. तवसर चव येतली तुका."