सुधाकर भाऊजी आणि पाठीमागचा वारा

माझ्या दिराचं पाण्यावर उडायचं यंत्र मी पंखा समजून छताला टांगायला काढलं होतं, हे आधीच सांगून टाकते. मी नाही सांगितलं तर गाव सांगेल, आणि गाव जास्त रंगवून सांगतं. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची, म्हणजे तशी कोवळीच. खोक्यातून कमरेएवढा काळा दांडा निघाला आणि त्याच्या टोकाला पाती. उन्हाळा तोंडावर आलेला. दुसरं काय सुचणार? वायरमन बोलावला. तो शिडीवर चढला, दांडा उलटसुलट केला आणि म्हणाला, "बाई, याले मोटार कुठी हाये?"

"परदेशी आहे. आत असेल," मी ठणकावून सांगितलं.

तेवढ्यात सुधाकर भाऊजी आले. त्यांनी छताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वयनी, उतरवा त्याले. तो घरात नाई, तलावात फिरते."

वायरमन घाईघाईने उतरला आणि गेला. घरात एक वेडं असेल तर माणूस गंमत बघत थांबतो. दोन दिसली की निघतो.

भाऊजी म्हणजे आमच्या ह्यांचे धाकटे भाऊ. बल्लारपूरला कागद कारखान्यात नोकरी केली, निवृत्त झाले. मग त्यांची बायको कुंदा गेली, तसे गावी येऊन आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहू लागले. आमचं गाव गडचिरोलीच्या रस्त्यावर, धानाच्या बांध्यांत. गावाला लागून समुद्रासारखा तलाव आहे. समुद्र मी पाहिलेला नाही, त्यामुळे ही उपमा निर्धास्त देते.

तर खेळ असा. एक लांब फळी. तिच्या पोटाला तो दांडा, आणि दांड्याच्या टोकाला विमानासारखे छोटे पंख. फळीवर उभं राहायचं, पाठीमागून वारा घ्यायचा, मागून लाट आली की जोरात वल्हं मारायचं. वेग आला की पाण्यातले पंख फळीला उचलतात आणि माणूस पाण्याच्या हातभर वरून सुसाट निघतो. नाव 'डाऊनविंड फॉइलिंग'. गावाने त्याला 'भाऊजीचं पडणं' असं सोपं नाव दिलं.

"वारा पाठीशी पाह्यजे, वयनी," हे त्यांचं पालुपद. दिवसातून कितीदातरी बोट ओलं करून हवेत धरायचे. बाजारात, बस स्टँडवर, कोणाच्या दारी समाचाराला गेले तरी. एका तेरवीला तर त्यांनी कहर केला. वारा तोंडावर येतो म्हणून अख्खी पंगत उठवली आणि तोंड फिरवून बसवली. वाढपी वरणाची बादली घेऊन आले, तर समोर सगळ्या पाठीच पाठी. यजमान काही बोलले नाहीत. दुःखात होते.

पहिल्या दिवशी ते म्हशी धुवायच्या घाटावरून पाण्यात उतरले, कारण तिथे उतार चांगला. आता त्या पंखांना खाली कमरेच्या वर पाणी लागतं, आणि घाटावर गुडघाभर पाण्याखाली नुसता गाळ. पंख गाळात रुतले. फळी थांबली, भाऊजी थांबले नाहीत. ते पुढे एका म्हशीवर जाऊन पोचले. म्हशीने मान वळवून पाहिलं आणि रवंथ चालू ठेवला. इतक्या समजुतीने त्यांना गावात कोणीच घेतलेलं नव्हतं.

मासे धरणारा तुळशीराम ढिवर आपल्या डोंग्यातून, म्हणजे लहानशा होडीतून, हे पाहत होता. "काऊन भाऊ, घरी जागा कमी होती का, इथी पडाले आले?"

"पडून नाई राह्यलो, तुळशीराम. शिकून राह्यलो."

"मंग लय वल्लं शिकणं हाये तुमचं."

पण शेवटी तोच फळी डोंग्याला बांधून त्यांना खोल पाण्यात नेऊ लागला. त्याची एकच अट, शिंगाड्याच्या वेलांत शिरायचं नाही. भाऊजी शिरले. पंखांना वेल गुंडाळून अर्धं पीक काठावर आणलं. तुळशीरामच्या बायकोने त्या दिवशी वापरलेले शब्द मी नव्याने ऐकले. चांगले होते.

या खेळात एक गोम आहे. वाऱ्याबरोबर जाता येतं, उलटं येता येत नाही. एका काठावरून निघायचं आणि दुसऱ्या काठाला कोणीतरी गाडी घेऊन उभं पाहिजे. ते कोणीतरी म्हणजे मी. उन्हाळ्याच्या शेवटी पश्चिमेचा वारा सुटला की मी मालाचा ऑटो भाड्याने ठरवून पूर्वेच्या काठाला मोहाच्या झाडाखाली बसायची. भाऊजी यायचे, पण फळीवर पालथे पडून, हाताने पाणी मारत. दोन उन्हाळे हेच. मी म्हणायची, "भाऊजी, डोंग्यातून लवकर पोचला असता." ते दात काढायचे.

हे खूळ आलं कुठून, ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा मुलगा निखिल ऑस्ट्रेलियात, समुद्राकाठी. कुंदा होती तोवर रविवारचा फोन तासभर चाले. बोलायची तीच, बापलेक आपले मागून हूं हूं करत. ती गेली आणि फोन "जेवला का?" "हो, तुम्ही?" एवढ्यावर आटपू लागला. एका रविवारी निखिलच्या तोंडून निघालं की तो हे असलं काही शिकतोय आणि सारखा पडतोय. भाऊजींनी विचारलं, "कसा पडते?" त्या दिवशी भाजी करपेपर्यंत बोलले दोघं. महिनाभरात खोकं आलं.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी मोहाखाली बसले होते, वारा जोराचा, तलावावर पांढऱ्या लाटा. माझा फोन वाजला. निखिल.

"मोठी आई, बाबा फोन उचलत नाहीत."

"तलावात आहेत. तू सांगितलं तसंच पडत आहेत."

तो हसला नाही. म्हणाला, "मोठी आई, एक सांगू? मी फळी कधीच विकली. बाळ झाल्यापासून समुद्रावर गेलोच नाही. दर रविवारी बाबांना खोटंच सांगतो, आज असा वारा होता, तशी लाट होती. त्यांना नका कळू देऊ. कळलं तर ते सोडून देतील, अन् मग फोनही तसाच होईल पहिल्यासारखा."

मी म्हटलं, "माझ्या पोटात काही राहत नाही, पण प्रयत्न करते."

फोन ठेवला आणि समोर पाहिलं, तर भाऊजी उभे. पाण्याच्या वर! कमरेच्या वर धोतर सुकवायच्या काठीसारखे ताठ, खाली गुडघे वाकलेले, तोंड उघडं. फळीखाली नुसती हवा. मागून तुळशीराम डोंग्यात उभा राहून ओरडत होता, "उडला रे, बुढा उडला!" काठ जवळ आल्यावर ते व्यवस्थित पडले आणि पाण्यातून धापा टाकत वर आले.

"पाह्यलं का वयनी? पाह्यलं ना? आता निखिलले सांगतो. म्हणतो, तू तिकडून निंघ, मी इकडून निंघतो, एकाच टायमाले..."

मी टॉवेल पुढे केला आणि त्या आनंदात माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो भाऊजी, त्याने तर फळी विकली!"

बोलले आणि जीभ चावली. ऑटोवाला उगाच दुसरीकडे पाहू लागला. भाऊजींनी सावकाश तोंड पुसलं, कान पुसले, टॉवेलची घडी केली. मग म्हणाले,

"माहीत हाये मले, वयनी. त्याच्या फोनात आता समुद्र ऐकूच येत नाई, पोरगं रडते मागून. पण तो सांगत नाई, तवरिक मी विचारून राह्यलो. नाईतर आमी दोघं बोलाचं काय?"