हातगाडीच्या पैशांतली क्वाड

धर्माजींनी मुलाला हातगाडी आणायला पाठवलं होतं. मुलगा संध्याकाळी परतला तेव्हा त्याच्यामागे टेम्पो होता, आणि टेम्पोत जे होतं त्याला चाकं चार होती. त्यांतलं एक फिरत नव्हतं.

"हे काय हाय?" धर्माजींनी ओटीवरून विचारलं.

"क्वाड," शैलेश म्हणाला.

"ते दिसतं मला. समुद्रावरच्या भगवंताची हाय. हिच्यावर बसून मुंबईची माणसं किंचाळतात. हातगाडी कुठाय?"

शैलेशने टेम्पोवाल्याला उगाच दोन सूचना दिल्या. तेवढ्यात उत्तर सुचेल असं त्याला वाटलं होतं.

झालं होतं ते असं. केळव्याच्या वाडीतली जुनी हातगाडी पावसाळ्यात मोडली, आणि चिकूचे क्रेट डोक्यावरून रस्त्यापर्यंत नेऊन नेऊन धर्माजींची मान खांद्यांत शिरायला लागली. नव्या हातगाडीचे पैसे त्यांनी शैलेशच्या हातात ठेवले. शैलेश बोईसरच्या एका कारखान्यात फिटर होता; येताना बाजारातून घेऊन यायची, एवढंच काम. पण जाता जाता समुद्रावर त्याला भगवंत भेटला. भगवंत पर्यटकांना क्वाडवरून, म्हणजे जाड चाकांच्या चारचाकी मोटारसायकलवरून, वाळूत फेऱ्या मारून आणायचा आणि त्याला जुनी क्वाड काढायची होती. तिच्या मागे अजून 'दोन फेऱ्यांवर एक फोटो फ्री' असं रंगवलेलं होतं.

"इंजिन एकदम सिंगल हँड हाय," भगवंतने सांगितलं. या गाडीवर त्याने अर्धी मुंबई बसवली होती, तरी हे सांगताना त्याची पापणी हलली नाही. शैलेशची मात्र हलली, कारण कोळगावच्या पुढच्या माळावर नवशिक्यांसाठी मातीतली क्वाड शर्यत होणार असल्याची जाहिरात त्याने सकाळीच मोबाईलवर पाहिली होती. माणसाच्या आयुष्यात दोन मूर्खपणा एकाच दिवशी समोर आले की तो त्याला योग म्हणतो.

"बाबा, शर्यत झाली की विकून टाकीन आणि हातगाडी आणीन," शैलेश म्हणाला.

"खाऱ्या वाऱ्यात सडलेली गाडी घेणारा या तालुक्यात एकच होता. त्यानं घेतली," धर्माजी म्हणाले.

सुनेने, मेघालीने, दारातून विचारलं, "अहो, पण हिला ब्रेक हाय का?"

"बसवायचाय."

"मग ती टेम्पोतून उतरवणार कशी?"

प्रश्न रास्त होता, पण उशिरा आला. क्वाड फळीवरून उतरली ती थेट तुळशीवृंदावनाजवळ जाऊन थांबली. न फिरणारं चाक नेमकं त्या बाजूचं होतं म्हणून वृंदावन वाचलं.

त्या रात्री जेवताना करार झाला. पैसे धर्माजींचे, त्यामुळे अटीही त्यांच्याच.

"शर्यत खेळ. पण मधेच सोडलीस नाय तर शेवटचा आलास, तर गाडी वाडीची. चिकू वाहील, नारळ वाहील, शेणखत वाहील."

"आणि शेवटचा नाय आलो तर?"

"तर तुझी. मी मरेपर्यंत डोक्यावर क्रेट वाहीन."

हे वाक्य धर्माजी गेली कित्येक वर्षं निरनिराळ्या वस्तूंच्या संदर्भात वापरत आले होते; त्यामुळे मेघाली आमटी वाढत राहिली. शैलेशने मात्र आनंदाने मान डोलावली. शेवटचा येण्याची त्याला भीतीच नव्हती. तो कधी शेवटचा आला नव्हता. पहिलाही आला नव्हता. शाळेत तो मधल्या बाकावर बसायचा आणि मधल्या नंबराने पास व्हायचा. तीन भावंडांत तो मधला. कारखान्याच्या रस्सीखेचीत त्याला दोराच्या मध्यावर उभं करत, आणि त्याच्यामुळे कोणी जिंकलं किंवा हरलं असं कोणालाही आठवत नव्हतं. मधे येणं हा त्याचा हुकमी हात होता.

दुसऱ्या दिवसापासून क्वाडची तयारी सुरू झाली. शर्यतीच्या गाडीचं पहिलं तत्त्व म्हणजे वजन कमी करणं. शैलेशने पुढचा दिवा काढला, मडगार्ड काढलं, सामान ठेवायचा कॅरिअर काढला. सीट काढली तेव्हा खालून एवढी वाळू निघाली की मेघालीने तिच्यात आल्याच्या कुड्या खोचल्या. कार्ब्युरेटर रॉकेलमध्ये बुडवला, एअर फिल्टरचा स्पंज धुऊन तेलात पिळला. एकेका गंजलेल्या बोल्टपुढे तो पारायणाला बसल्यासारखा बसायचा.

बेअरिंग, ब्रेकशू आणि साखळी मात्र विकतच आणावी लागणार होती, आणि खिसा क्वाडपायीच रिकामा झाला होता. इथे धर्माजी मदतीला आले. शैलेशला आश्चर्य वाटायला हवं होतं. पण गरजू माणूस आश्चर्य पुढे ढकलतो.

"पैसे कशाला? सावड करू," धर्माजी म्हणाले. "आपण त्याचं काम करायचं, त्यानं आपलं. भात लावायला चालतं, तर गाडीला का नाय? मी बोलतो प्रीतमशी."

नाक्यावरच्या गॅरेजवाल्या प्रीतमने सावड मान्य केली. तो बेअरिंग बसवणार, बदल्यात क्वाडने त्याच्या घरच्या रेतीच्या गोणी ओढायच्या. गोणी ओढायला मागे हूक हवा, म्हणून त्याने हूक वेल्डिंग केला. बेअरिंगचं दुकान प्रीतमच्या मेव्हण्याचं. त्याच्या नारळांसाठी कॅरिअर हवा, म्हणून काढलेला कॅरिअर परत बसला, आणि आधीपेक्षा जाड पट्टीचा. शैलेश सकाळी कारखान्यात जाण्यापूर्वी गाडी हलकी करायचा आणि संध्याकाळी येऊन बघायचा तर ती जड झालेली असायची.

"बाबा, ही शर्यतीची गाडी हाय!"

"तात्पुरतं हाय रे. हूक काय खायला मागतो का?"

वजन वाढवणारा दुसरा माणूस म्हणजे चंद्रभान. हा मूळचा अकोल्याकडचा, शैलेशच्याच कारखान्यात सेफ्टी विभागात होता आणि सालवडला भाड्याने राहायचा. कारखान्यात त्याचं कोणी ऐकत नसे. त्यामुळे रविवारी आपणहून कोणीतरी धोका पत्करतोय हे कळताच तो हेल्मेट, गुडघ्याच्या ढाली आणि आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन हजर झाला.

"भाऊ, आधी हे सांग, तू पडला तं गाडी थांबन कशी?"

"मी कशाला पडेन?"

"असंच म्हनते सगळे. मंग आमच्याकडे येते." चंद्रभानने खिशातून लाल दोरी काढली. एक टोक इंजिनाच्या स्विचला, दुसरं शैलेशच्या मनगटाला. माणूस पडला की दोरी सुटणार, इंजिन बंद. शर्यतवाल्यांचाही तसा नियम होता. पण चंद्रभानला नियमाने समाधान होत नसे. त्याने दोरी इतकी आखूड बांधली की शैलेशने घाम पुसायला हात उचलला तरी इंजिन बंद पडायचं.

"थोडी लांब कर ना!"

"काहून? घाम घरी येऊन पूस."

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी शैलेशने वाडीच्या वाटेवर गाडी पहिल्यांदा पूर्ण पिळली. इंजिनाने वाघासारखी डरकाळी फोडली आणि क्वाड म्हशीसारखी निघाली. शेजारून नळावर चाललेली जमनाकाकी हंडा घेऊन पुढे निघून गेली. जाता जाता म्हणाली, "पेट्रोल संपलं का रे?"

शैलेश खाली उतरला आणि मागे बघतच राहिला. साखळीचं मागचं दातेरी चक्र जवळजवळ ताटाएवढं होतं.

"प्रीतम! हे कोणी बसवलं?" चाचणी बघायला आलेल्या प्रीतमला त्याने विचारलं.

"धर्माजीकाकांनी सांगितलं," प्रीतम म्हणाला. "वेग जातो, पण ओढ बघ काय येते! काल सहा गोणी घेऊन विहिरीच्या चढावर गेली. मी तर हात जोडले तिला."

शैलेश तरातरा ओटीवर आला. धर्माजी पान लावत होते.

"बाबा, तुमी मला मुद्दाम हरवताय!"

"मी? मी तर तुझ्यासाठी नारळ कबूल केलाय गणपतीला," धर्माजी म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.

दुसरं चक्र आणायला ना पैसे होते ना वेळ. शैलेशने क्वाडकडे पाहिलं. चिकूचा पहिला क्रेट त्याला कॅरिअरवर आत्ताच दिसायला लागला होता.

शर्यतीला आठ क्वाड होत्या. बाकीच्या सात हलक्या, चकचकीत, मुंबई-वसईकडच्या. माळाखालच्या भाताच्या खाचरांत गोल रस्ता आखलेला होता. उद्घाटनाला पाहुणे येणार होते, आणि त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर धूळ बसू नये म्हणून टँकरने रस्त्यावर पाणी मारण्यात आलं. पाहुणे आले नाहीत. ऊन होतं, पाणी सुकलं, पुन्हा मारण्यात आलं. पाहुणे 'निघालो' म्हणाले, तेव्हा पुन्हा. ते 'पोचतोच' म्हणाले, तेव्हा टँकरवाल्याने उरलेला सगळा टँकर आदराने मोकळा केला. शेवटी पाहुणे आले, फीत कापली आणि चिखल बघून गाडीतून न उतरताच निघून गेले. फीत त्यांनी खिडकीतूनच कापली होती.

धर्माजी कुंपणाशी उकिडवे बसले. पायाखालची माती त्यांनी बोटांत चिरडून पाहिली आणि कधी नव्हे ते हसले. "लावणी करायला हरकत नाय," ते मेघालीला म्हणाले.

झेंडा पडला. सात क्वाड बाणासारख्या सुटल्या आणि पहिल्याच वळणावर बाणासारख्याच रुतल्या. चाकं गरागरा फिरत होती, चिखल वर उडत होता, गाड्या खाली जात होत्या. मागून शैलेश आला. आला म्हणजे येत राहिला. ताटाएवढ्या चक्राने क्वाड एकेक पाऊल टाकल्यासारखी चिखलातून निघाली होती. चंद्रभान नळकांडं घेऊन बाजूने आरामात चालत होता आणि मधूनमधून तिच्यासाठी थांबत होता.

ध्वनिक्षेपकावर मनीष नावाचा आयोजक होता. वेगवान शर्यतीसाठी त्याने केलेलं पाठांतर पहिल्या मिनिटात संपलं. "आणि... अजूनही पुढे आहेत शैलेश... हो, अजूनही तेच... प्रेक्षकांनी चहा घेऊन यायला हरकत नाही."

मेघाली मोबाईलवर शूटिंग करत ओरडली, "अहो, निदान सरळ तरी बसा! व्हिडिओ नाय, फोटो काढल्यासारखं वाटतंय!"

शेवटची फेरी. मागे फक्त एक निळी क्वाड कशीबशी चिखलातून सुटली होती, पण ती बरीच लांब होती. समोर शेवटची पांढरी रेघ. जन्मात पहिल्यांदा शैलेशच्या पुढे कोणी नव्हतं. माणसं टाळ्या वाजवत होती. त्याला भरून आलं आणि त्याने टाळ्यांना उत्तर म्हणून हात वर केला.

लाल दोरी सुटली. इंजिन बंद पडलं.

"पाह्य, दोरी काम करते!" चंद्रभान हर्षाने ओरडला.

शैलेशने दोरी परत लावली, स्टार्टर दाबला. खर्र. पुन्हा दाबला. त्यातून खर्रसुद्धा आलं नाही. निळ्या क्वाडचा आवाज जवळ येऊ लागला. शैलेशने मनातल्या मनात हिशेब केला आणि तो सैलावला. निळी गेली की ढकलत नेऊ, दुसरा येऊ. काय बिघडतंय? शेवटचा तर नाही. गाडी आपलीच राहील.

तेवढ्यात कुंपणापलीकडून धर्माजी उभे राहिले आणि साऱ्या माळाला ऐकू जाईल असे गरजले, "उतर! ढकल तिला!"

"बाबा, असू दे हो, दुसरा—"

"दुसरा काय दुसरा? बापाचं नाव घालवतोस? ढकल म्हणतो ना!"

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं, असं मेघालीने नंतर शपथेवर सांगितलं. शैलेशने खाली उडी मारली, गाडी न्यूट्रल केली, कॅरिअरची जाड पट्टी दोन्ही हातांनी धरली आणि ढकलू लागला.

"नियमात ढकलू नये असं कुठे म्हटलेलं नाही!" मनीष ओरडला. त्याला आता कशाचंच वाईट वाटत नव्हतं.

"कंबर वाकव! पाठ नको लावू, मांड्या लाव!" धर्माजी कुंपणाच्या कडेने धावत होते. "जन्मात हातगाडी ढकलली नाय का?"

निळी क्वाड हातभर मागे असताना शैलेशची क्वाड, बंद इंजिनाने, रेघ ओलांडून गेली.

एकच जल्लोष झाला. चंद्रभानने आनंदाच्या भरात नळकांडं उडवलं आणि विजेता पांढरा झाला. धर्माजींनी मुलाला मिठी मारली. त्यांनी मिठी मारल्याची घरात नोंद नव्हती. शैलेशला रडू आवरेना.

"बाबा, आता गाडी माझी ना?"

"तुझीच. मी शब्दाचा पक्का हाय."

मग मनीषने ढालीएवढी ट्रॉफी दिली आणि अभिनंदनाचे दोन शब्द बोलला. "शैलेश हे आता नवशिके राहिले नाहीत. आमच्या नियमानुसार नवशिक्यांच्या गटातला विजेता पुन्हा या गटात उतरू शकत नाही. पुढच्या गटात त्यांचं स्वागत! त्या गटात फक्त नव्या आणि मोठ्या इंजिनाच्या गाड्या चालतात."

टाळ्या झाल्या. शैलेशची टाळी अर्ध्यावर राहिली. त्याने ट्रॉफीकडे पाहिलं, मग क्वाडकडे, मग बापाकडे. धर्माजी मनीषला नावाने हाक मारत होते. "मनीषभाऊ, परवाचे चिकू गोड लागले ना?"

"काका, एकदम साखर!"

परतीच्या टेम्पोत शैलेशने ट्रॉफी मांडीवर घेतली. मग तो म्हणाला, "तुमाला नियम ठाऊक होता."

"परवा सहज विचारून आलो."

"म्हणजे शेवटचा आलो असतो तर गाडी वाडीला. पहिला आलो तरी ती वाडीलाच."

"तुझीच हाय की. शर्यतीत चालत नाय, समुद्रावर घेऊन बसलास तर भगवंत हसेल. वाडीत चालते, एवढंच."

"आणि मी दुसरा आलो असतो तर?"

धर्माजींनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "त्याचीच तर धास्ती होती, पोरा. गाडी तुझी, आणि पुढची शर्यतही मोकळी. शाळेपासून तुझी मधे यायची खोड मला ठाऊक. म्हणून तर चक्र बदललं. सुकं असतं तर तू शेवटचा, ओलं असतं तर पहिला. पण शेवटाला तू हात वर केलास, आणि माझा जीव गेला."

मेघालीने डोळ्यांतल्या त्या पाण्याची शपथ मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्वाड चिकूचे क्रेट घेऊन वाडीतून रस्त्याकडे निघाली. स्टार्टर अजून लागत नव्हता. शैलेश मागून ढकलत होता, आणि धर्माजी पुढे मोकळ्या डोक्याने, ताठ मानेने चालले होते.

"मांड्या लाव," ते वळून म्हणाले. "आणि घाई करू नको. पहिला एकदा आलास, पुरे."