धोंडबाचा बुरूज

आमच्या गावच्या पडक्या बुरुजाची पांढरी माती न्यायची, तर टोपलं भरायच्या आधी खाली बसून बुरुजाचा इतिहास ऐकावा लागायचा. हा कायदा धोंडबाचा.

माळवदावर पांढरी पसरल्याबिगर घर गळायचं थांबत नाही, म्हणून उन्हाळा सरता सरता सारं गाव मुकाट बसायचं. हा कोण लागून गेला? ना पाटील, ना वतनदार. दुसऱ्याच्या शेळ्या राखणारा. पण बुरुजाच्या पायथ्याला असा बसायचा, जसा काही सरकारनं तो याच्याच हवाली केला.

"बराबर ऐक," म्हणायचा, अन् सुरू. बुरुजाला पडलेला वेढा कधी सात दिवसांचा, कधी महिन्याचा. ऐकणाऱ्याची घाई बघून वाढायचा. ज्याचं टोपलं, त्याचा पूर्वज लढाईत. मारवाडी शेठजींच्या पणजोबांनी म्हणे ज्वारीची पोती वर चढवली. शेठजींचं घराणं गावात आलं तवा बुरूज पडून जमाना झाला होता, तरी शेठजी खुशीत मान डोलवायचे. माझ्या पणजोबाला त्यानं पाणी भरायला लावलं. मी टोपलं उचलून चालता झालो. दोन दिवस फिरकलो नाही, तवा कुठं पणजोबाला तलवार भेटली. असला हा इतिहास.

मग एक दिवस तहसिलीतला गिरदावर, पटवाऱ्यांवरचा साहेब, आला. बुरूज पाडून तिथं चावडी बांधायची, म्हणाला. कुणाची हरकत? गाव गप. धोंडबा आडवा आला अन् वेढ्याची कथा सांगून राह्यला.

गिरदावर हसला. "यात तुझं कोण होतं?"

आम्हीबी हसलो. इतक्या सालांत हे आमच्यातल्या कुणी विचारलंच नव्हतं.

धोंडबा खाली बघून म्हणाला, "माझं कुणी न्हाई, हुजूर. आम्ही दुष्काळात आल्तो. मायनं या भिंतीला पाठ टेकली, ती उठलीच न्हाई. मी चार सालाचा. तिची दुसरी जागा मला ठाव न्हाई."

गिरदावरानं माझ्याकडं बघितलं, कारण मी म्होरं होतो. खरं का, म्हणाला.

जन्मभर थापा मारलेला माणूस. हे तरी खरं कशावरून? मी तर तवा जन्मलोबी नव्हतो.

"खरं हाये, हुजूर," मी म्हणालो. "माझ्या बापानं डोळ्यानं बघितलंय."

चावडी ओढ्याच्या पल्याड झाली. पावसाळ्यात तिथं जायचं म्हणजे गुडघाभर चिखल, अन् तो त्या धोंडबापायी.