बारा नंबरच्या सीटवर बत्तीस जण

"आता साइट कशी पळते बघा," त्यानं मालकांना सांगितलं, आणि सांगताना तो खुर्चीतून चार बोटं वर आला.

बसकंपनीच्या ऑफिसात त्याला सगळे साइटवाले म्हणायचे, कारण तिकिटांची वेबसाइट तो एकटाच सांभाळायचा. साइटची कीर्ती अशी, की सीटांचा तक्ता उघडायला लावून माणूस आंघोळ उरकून आला तरी पडद्यावरचं चक्र फिरतच असायचं. शुक्रवारी तर बघायला नको. शनिवारच्या गाडीसाठी शेकडो लोक एकदम तक्ता उघडायचे. प्रत्येकासाठी साइट डेटाबेसकडे धावायची, चाळीसच्या चाळीस सीटांची चौकशी करून यायची, की पुढच्या माणसासाठी पुन्हा तेच.

"एकाच प्रश्नासाठी हजार हेलपाटे," त्यानं समजावलं. "आता एकदाच विचारायचं, उत्तर जवळ लिहून ठेवायचं, आणि मिनिटभर जो येईल त्याला तेच दाखवायचं. मिनिट संपलं की नव्यानं विचारायचं. याला कॅश म्हणतात."

"कॅश तर मीच सांभाळतो," मालक म्हणाले.

"ती वेगळी."

"बरं. पळाली साइट, तर तुमची चार दिवसांची रजा मंजूर."

एवढं ऐकण्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. त्याची बायको हवामान खात्यात. तीन महिन्यांपूर्वी तिची आठ तासांवरच्या वेधशाळेत बदली झाली आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन ती तिकडे गेली. रोज संध्याकाळी फोन यायचा. पारा किती उतरला, वारा कुठून सुटलाय, पाऊस किती मिलिमीटर झाला, हे ती सवयीनं सांगायची आणि तो प्रेमपत्र ऐकावं तसं ऐकायचा. तिकडे पारा चौदावर आलाय म्हटलं, की इथं घामानं डबडबलेला हा माणूस उठून पांघरूण घ्यायचा. मुलगी व्हिडिओवर यायची, पण फोन असा धरायची की तीन महिन्यांत त्याला तिचं फक्त कपाळ दिसलं होतं. भांग कधी डावीकडे, कधी मधोमध, एवढीच काय ती खबर. दोनदा तो बॅग भरून निघाला होता आणि दोन्ही वेळा ऐन दारात फोन आला होता, की साइट बसली.

अकरा वाजता त्यानं कॅश चालू केली. उत्तर किती वेळ जपायचं, त्या रकान्यात साठ लिहिलं. साठ सेकंद, म्हणजे एक मिनिट. मग तक्ता उघडला. बोट उचलायच्या आत पडद्यावर हजर. उद्या सकाळी सातच्या गाडीत एकच सीट उरली होती, बारा नंबर, खिडकीची. ती त्यानं स्वतःसाठी घेऊन टाकली.

आता मिनिटभर थांबून, बारा नंबर भरलेला दिसतो का एवढंच पाहायचं होतं. त्या मिनिटात त्यानं बायकोला फोन लावला.

"मी येतोय. उद्या तीनला. चार दिवस."

पलीकडे वारा घोंघावत होता. मग ती म्हणाली, "स्वेटर आणा. इथं पारा अकरावर आहे."

दुपारी मालकांनी येऊन पाठ थोपटली. तिकीट-खिडकीवरच्या मावशी म्हणाल्या, "आज काय झालंय कोण जाणे, नुसती धडाधड तिकिटं जातायत." तो लाजून हसला.

शनिवारी पावणेसातला तो थांब्यावर पोचला, तेव्हा गाडीत शब्दावर शब्द चढत होता. बारा नंबरवर बसलेल्या बाईंपुढे एक गृहस्थ तिकीट धरून उभे होते.

"ही सीट माझी आहे."

"माझ्या तिकिटावरही बाराच आहे."

"मग तुमची गाडी दुसरी असेल."

"तुमचा जन्म दुसऱ्या गाडीसाठी झाला असेल."

एवढ्यात तिसरा आला. बारा. नवराबायकोची जोडी आली, दोघंही बारा. सतार घेतलेला एक वादक आला. त्याच्या सतारीला जागा नव्हती, पण त्याचा स्वतःचा नंबर बारा होता. सहाव्या बाराला साइटवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या रकान्यात सेकंद नव्हतेच. मिनिटं होती. लिहून ठेवलेलं उत्तर तासभर शिळं होत बसलं होतं, आणि त्या तासात जो आला त्याला साइटनं छातीठोकपणे सांगितलं होतं, की बारा नंबर रिकामा आहे.

गाडीबाहेर बारा नंबरवाल्यांचा घोळका जमला. त्यातल्या एका निवृत्त हेडमास्तरांनी सूत्रं हाती घेतली. "भांडून काही होणार नाही. ज्यानं आधी काढलं त्याची सीट. वेळ सांगा आणि रांगेत उभे राहा."

सगळे वेळा सांगत रांगेत शिरले. तो बॅगेमागे तोंड लपवून उभा होता.

"तुमचा नंबर?" हेडमास्तरांनी विचारलं.

"बारा."

"किती वाजता काढलं?"

"अकरा वाजून एक मिनिट."

हेडमास्तरांनी तिकीट वाचलं आणि त्याचा दंड धरून त्याला रांगेच्या टोकाला नेलं. "हा माणूस पहिला. सीट याची. न्याय म्हणजे न्याय."

बाई उठल्या. तो खिडकीत बसला. बाहेरचा रस्ता सरळ होता आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला स्वेटरची ऊब होती. फक्त गाडी हलायला हवी होती. त्यानं डोळे मिटले.

"अहो साइटवाले," खालून मावशींचा आवाज आला, "तुम्ही इथं काय बसलात? मालक तुम्हाला शोधतायत. ती साइट तुम्हीच बिघडवलीत ना?"

एकतीस माना त्याच्याकडे वळल्या. त्यानं उठून दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला जागा दिली, आणि स्वतः होऊन खाली उतरला. उतरला नसता तर उतरवलाच असता, पण तेवढी वेळ त्यानं कुणावर येऊ दिली नाही.

फोनवर मालकांचा आवाज शांत होता आणि तेच भयंकर होतं. "दुसरी गाडी काढतोय. ड्रायव्हर आहे. कंडक्टर रजेवर आहे. तुम्हीही रजेवर होतात ना?"

"होतो."

"होतात. आता शिट्टी घ्या."

दुसरी गाडी आली. तीस माणसांना चाळीस सीटा, म्हणजे प्रश्न मिटला असं त्याला वाटलं. पण त्या गाडीतही बारा नंबर होता, आणि तीसही जण तिकीट नाचवत त्याच सीटवर धावले. शेवटी हेडमास्तरांनीच गणित मांडलं. आठ तास म्हणजे चारशेऐंशी मिनिटं. प्रत्येकाच्या वाट्याला सोळा मिनिटं खिडकी. पाळी संपली की कंडक्टरनं शिट्टी द्यायची.

"शिट्टीत फुंकायचं असतं," ड्रायव्हरकाकांनी पहिल्याच खेपेला सांगितलं. "तुम्ही ओढताय."

आठ तास तो दर सोळा मिनिटांनी शिट्टी फुंकत उभा राहिला. सतारवाल्याच्या पाळीला सतारही खिडकीत बसून आली.

तीनऐवजी सव्वातीनला गाडी पोचली. बायको गर्दीच्या कडेला उभी होती, मुलीचा हात धरून. तिनं त्याला पाहिलं, हसली, आणि मग तिची नजर खाली आली.

"अहो, गळ्यात शिट्टी कशाला?"

त्यानं सगळं सांगितलं. सांगताना लोक त्याच्याजवळ येऊन "पुढच्या वेळी नीट करा" म्हणत जात होते.

"मग परत कधी?"

"पावणेचारला. हीच गाडी. रजा रद्द झाली. उद्या-परवाच्या गाड्यांतही हेच झालंय, एकेकाला फोन करून निस्तरायचंय."

बाकावर बसून तिनं डबा उघडला आणि त्याच्या हातात दिला. तो मुलीकडे बघत होता. कपाळाखाली डोळे, नाक, हनुवटी सगळं जागच्या जागी होतं, आणि गालावर एक नवीन ओरखडा होता, ज्याची फोनवर त्याला गंधवार्ता नव्हती. मुलगी मात्र आईच्या मागे दडून बसली. फोनवर बडबड करणारी ती पोरगी अख्ख्या बापापुढे पाव तास गप्प होती.

मग हळूच पुढे येऊन तिनं शिट्टीला हात लावला. "बाबा, मी वाजवू?"

"नको बाळा. वाजली की गाडी सुटते."

तिनं विचार केला. "मग तूपण वाजवू नकोस."

पावणेचार झाले. ड्रायव्हरकाकांनी इंजिन सुरू केलं. बायकोनं डबा पुसून पिशवीत ठेवला आणि मुलीला घेऊन सरळ गाडीत चढली.

"वेधशाळेच्या फाट्यापर्यंत दोन द्या," ती म्हणाली. "पाचचं रीडिंग घ्यायचंय. वाटेतच आहे."

त्यानं तिकिटं फाडून दिली. तिनं ती मुठीत धरली. सहा किलोमीटर तो त्यांच्या सीटला टेकून उभा राहिला. मुलगी त्याच्या दंडाला डोकं लावून बाहेर बघत होती. बायकोनं त्याच्या मनगटावर बोटं ठेवली, ताप पाहावा तशी, आणि उचललीच नाहीत.

फाटा आला. दोघी उतरल्या. मुलीनं वळून हात हलवला. बायकोचा पदर वारा फडकवत होता, आणि तो कुठून सुटलाय हे आज ती सांगत नव्हती.

त्यानं शिट्टी तोंडात धरली. गाडी थांबलेली. पाठीमागे कुणीतरी खाकरलं. तो तसाच दारात उभा राहिला, दोघी लहान होत वेधशाळेकडे जाणाऱ्या पांदीच्या वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत.

मग शिट्टीशिवायच गाडी हलली.

"शिट्टी दिलीत का?" काही वेळानं आरशात बघत ड्रायव्हरकाकांनी विचारलं.

"दिली की," तो म्हणाला. "हळू वाजली असेल."