हरलालकाकांची माणसांची लदेणी

कळंबच्या मोटार स्टँडवर हरलालकाका माणसांचे चेहरे बघत नसत, खांदे बघत. उभ्या प्रवाशाभोवती एक फेरी मारायची आणि विचारायचं, "कोन्या गावाले जाऊन राह्यला, भाऊ?" उत्तरात पुणे आलं, की त्या माणसाच्या हाती काहीतरी आलंच म्हणून समजा.

काकांच्या वाडवडलांनी बैलांवर मीठ अन् धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. त्या फिरतीला ते लदेणी म्हणत. काका बंजाऱ्यांच्या तांड्यावर शेती करत, पण नजर लदेणीचीच. त्यांची सोनी लग्न होऊन पुण्याला गेली. जावई तिथे कारखान्यात. तिचा संसार पाठवायचा होता. ट्रकवाला अख्ख्या ट्रकचं भाडं मागे. रेल्वेनं पाठवावं तर धामणगावपर्यंत बैलगाडी, तिथे हमाल, पुण्यात पुन्हा टांगा. काकांनी दोघांनाही रामराम केला. "मानूस जातेच नं तिकडे? मंग रिकामा कायले जाते?"

जात्याची वरची तळी एका मास्तरासोबत गेली. खालची तळी नेण्याजोगा पहिलवान मिळेपर्यंत सोनी शेजारणीकडे दळत होती. पण ना पावती, ना कुलूप, आणि अनोळखी हातांतून गेलेली एक पळीसुद्धा हरवली नाही. माणसावर एवढा विश्वास मी फक्त माझ्या पत्रकांत छापलेला पाहिला होता.

मी तेव्हा सभा गाजवत हिंडायचो. पत्रकांची पिशवी खांद्याला लावून पुण्याच्या सभेला निघालो, तर काका समोर. फुकट ओझं वाहायला लावणं म्हणजे शोषण, हे मी त्यांना नीट समजावलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि ऐकता ऐकता माझ्या पाठीला पितळी परात बांधली. "तुह्या कागदायनं एकच खांदा भरला. दुसऱ्यानं काय पाप केलं?"

पुण्यात सोनीनं मला जेवू घातलं. परात उलटीसुलटी करून पाहिली आणि तिचा हात थांबला. "माहं सामान तर कधीचंच आलं, दादा. हे बाच्या घरची हाये. याडी, माही माय, गेल्यापासून तो यातच पीठ मळते."

परत नेऊ का, असं मी विचारलं. ती नको म्हणाली.

कळंबला उतरलो तर काका उभेच. परात सुखरूप पोचली, असं मी सांगू लागलो.

"परातीचं राहू दे. पोरगी वाळली का?"

थोडी वाळली, पण हसते छान, मी सांगितलं. काय वाढलं, कोणतं लुगडं होतं, बोलताना कुठे बसली, सारं त्यांनी विचारून घेतलं. मग पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणालो, एकदा स्वतःच जा की. तर म्हणे, बैलायले पानी कोन पाजन? आणि लगेच त्यांची नजर नव्या प्रवाशांकडे वळली.

"काका, आता घरात पाठवायला राहिलंय काय?"

त्यांनी जरा विचार केला.

"खाट हाये नं. पाय सुटे होतात तिचे. चार मानसं जातीन, चार मानसं येतीन."