तात्या सबनीसांचं पिस्तूल

तात्या सबनीसांचा कोट कायम उजवीकडे लोंबायचा. आतल्या खिशात पिस्तूल! मुलुंडच्या आमच्या आळीत नवं बिऱ्हाड आलं की तात्या स्वतः जाऊन कानाशी पुटपुटत, "माझ्याकडे हत्यार आहे. पण लपवून ठेवायचं असतं, बरं का. कायदा म्हणजे कायदा!" त्यामुळे हे गुपित भाजीवालीपासून शिंप्यापर्यंत सगळ्यांना पाठ होतं.

पोस्टातून पेन्शनीत निघालेला हा किडकिडीत गृहस्थ. घरात झुरळ दिसलं तरी मला हाक मारायचा. तो कुणावर गोळी झाडणार, कप्पाळ! पण लायसन अगदी चोख. मुंबई राज्यापुरतं.

आणि तिथंच घोडं अडलं. राज्यांची फेररचना झाली नि बेळगाव गेलं म्हैसूर राज्यात. तात्यांची एकुलती एक कुसुम बेळगावला दिलेली.

"अरे, लग्न लावलं तेव्हा मुलगी आपल्याच राज्यात होती!" तात्या माझ्या ओटीवर थयथयाट करत होते. "आता जावयाकडे हत्यार नेलं तर बेड्या पडतील. परराज्य ते! कायदा म्हणजे कायदा!"

"मग घरी ठेवून जा ना."

"रिकाम्या घरात? छे छे! चोरीला गेलं म्हणजे?"

असं करत करत त्यांनी बेळगाव टाळलंच. कुसुमला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण सबनीसकाकू आधीच वारलेल्या. माहेरी करणार कोण? सासरीच झालं. मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं, तर या महाशयांनी काय कळवावं? बारसं कोल्हापुरात करा, तिथवर माझं लायसन चालतं!

कुसुम बापाचीच लेक. तिनं उलट निरोप धाडला, "तात्या आल्याशिवाय पोरीचं नाव ठेवणार नाही."

मी भडकलोच. "तात्या, कमाल करता! ते लोढणं चौकीत जमा करा नि गाडीत बसा. कायद्यात तशी सोय आहे ना?"

 तात्यांनी खिशातून पिस्तूल काढलं. काकूंच्या हिरव्या जुनेराच्या तुकड्यात गुंडाळलेलं.

"हिला बिबट्याची फार भीती रे. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा डोंगरावरून खाली यायचा तो. हिच्या डोळ्याला डोळा लागेना. म्हणून हे घेतलं. म्हटलं, मी हे अंगावर बाळगतो, तू झोप. तेव्हा कुठं झोपायला लागली."

"आणि गोळ्या?"

"आणल्याच नाहीत. मला आवाज सोसत नाही. तिला नाही सांगितलं कधी."

मला हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौकीत गेलो. तात्यांनी पिस्तूल हवालदाराच्या हाती दिलं, जुनेर मात्र काढून घेतलं. "याचं दुपटं होईल पोरीला," म्हणाले.

परतताना कोट सरळ झाला होता, पण तात्यांचा हात सवयीनं सारखा खिशाकडे जात होता. मला बघवेना.

"बेळगावहून आलात की आपण सोडवून आणू हं," मी म्हटलं.

"राहू दे रे," तात्या म्हणाले. "घरात आता घाबरणारं कुणी नाही."